क्लस्टरचे तास वाटून देताना

आमच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या संचात, 640 कोअर (गणित करणारे भाग) आणि वर्षाचे 8,760 तास. गुणाकार केला की 56,06,400 कोअर-तास होतात. वडोदऱ्यातल्या आमच्या संशोधन संस्थेत हा आकडा आता बहुतेक प्राध्यापकांना तोंडपाठ आहे. मी क्लस्टरचं काम हातात घेतलं तेव्हा मात्र तो कुणी मांडूनच पाहिला नव्हता. यंत्र आलं, जोडलं गेलं, त्यावर रांग लावणारं स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर बसवलं गेलं आणि जो आधी जॉब (यंत्रावर चालवायचं काम) टाकेल त्याचा आधी चालेल, अशी रीत पडून गेली. वापरणारे मोजकेच होते तोवर ती चाललीही. मग औषधनिर्माणशास्त्रवाले रेणूंची सिम्युलेशनं घेऊन आले, स्थापत्यवाले वाऱ्याच्या नि पाण्याच्या प्रवाहांची गणितं घेऊन आले, जीवशास्त्रवाल्यांनी जीनोम आणले आणि मशीन लर्निंगच्या मुलांना फक्त जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) हवे होते. एखाद्या गटाने शुक्रवारी संध्याकाळी दोन हजार जॉबचा ॲरे, म्हणजे एकगठ्ठा संच, टाकला की सोमवारपर्यंत बाकीच्यांनी रांगेकडे नुसतं बघत बसायचं.

कुणी ‘ताई’ म्हणून विचारायचं, कुणी ‘बेन’ म्हणून, प्रश्न एकच: माझा जॉब कधी सुरू होणार? मला त्या प्रश्नाचा त्रास कधीच झाला नाही. त्रास व्हायचा तो उत्तराचा. ‘पुढचे संपले की’ यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यात न्याय नव्हता आणि विचारणाऱ्याला पडताळून बघता येईल असंही काही नव्हतं. म्हणून संस्थेच्या संगणन समितीपुढे मी एवढंच मांडलं की प्रत्येकाला आपलं खातं स्वतः उघडून बघता आलं पाहिजे, आणि जॉब थांबला असेल तर का थांबलाय हे माझ्याकडे न येता कळलं पाहिजे. पुढचं सगळं काम या एका मागणीतून निघालं.

स्लर्म हे अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि जगातल्या कितीतरी महासंगणकांवर जॉबची रांग तेच सांभाळतं. पण खात्यांचा हिशेब त्यात आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी डेटाबेस लागतो, त्या डेटाबेसशी बोलणारी एक वेगळी सेवा लागते, आणि खात्यांचं झाड आपल्यालाच उभं करावं लागतं. त्या झाडाच्या एकेका पानाला स्लर्ममध्ये असोसिएशन म्हणतात: कोणता क्लस्टर, कोणतं खातं, कोणती व्यक्ती, आणि हवं असेल तर कोणतं पार्टिशन (क्लस्टरमधल्या संगणकांचा गट). तीच व्यक्ती दोन खात्यांत असेल तर तिची दोन असोसिएशन. मर्यादा, वाटा, वापर सगळं त्या पानाशी जोडलेलं असतं आणि पानांवरचा वापर फांद्यांवरून मुळापर्यंत बेरीज होत जातो.

पहिला वाद झाला तो खात्याला नाव कुणाचं द्यायचं यावर. ज्येष्ठ प्राध्यापकांना आपल्या नावाचं खातं हवं होतं. एक सर म्हणाले, “माझे विद्यार्थी, माझं खातं, यात अवघड काय आहे?” अवघड असं की सरांकडे दोन प्रकल्प होते. एकाचा निधी पुढच्या मार्चला संपणार होता, दुसऱ्याचा नुकता सुरू झाला होता, आणि त्यांचा एक विद्यार्थी दोन्हींत काम करत होता. माणसाच्या नावाचं खातं केलं की कोणत्या निधीतून किती तास गेले हे नंतर वेगळं काढता येत नाही. मी सरांसमोर कागदावर दोन्ही झाडं काढली. मुळाखाली विभाग, विभागाखाली प्रकल्प, प्रकल्पाखाली माणसं. विद्यार्थ्याने जॉब टाकताना खात्याचं नाव लिहायचं, न लिहिलं तर त्याच्या आधीच ठरलेल्या मूळ (डीफॉल्ट) खात्यावर नोंद पडायची. सरांनी बराच वेळ कागद पाहिला आणि म्हणाले, “मग निधीचा अहवाल देताना हे आकडे मला थेट मिळतील का?” मिळतील म्हटल्यावर वाद तिथेच संपला, आणि नंतर इतरांना पटवायला तेच पुढे झाले.

जुनी नावं गोळा करणं, सोडून गेलेले विद्यार्थी वगळणं, एकाच माणसाची दोन लॉगिन एक करणं हे कंटाळवाणं काम होतं आणि ते झालं.

क्रमाबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण नव्याने करणाऱ्याला इथेच ठेच लागते. स्लर्मच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये हिशेबाची सक्ती किती करायची याची एक ओळ असते. ती ओळ नसेल तर झाडात नसलेला माणूसही जॉब टाकू शकतो. ती ‘असोसिएशन्स’ केली की झाडात नाव नसणाऱ्याचा जॉब दारातच परत येतो. ‘लिमिट्स’ केली की मर्यादा लागू होतात. ‘सेफ’ केली की त्याहून कडक, त्याबद्दल पुढे येईलच. तर आधी झाड पूर्ण भरायचं, मग सक्ती चालू करायची. आम्ही मागच्या वर्षभरात ज्यांनी एकतरी जॉब चालवला होता त्या सगळ्यांची यादी काढली, प्रत्येकाचं खातं ठरवलं, तारीख जाहीर केली आणि त्यानंतरच ती ओळ लिहिली. झाड दर आठवड्याला एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून ठेवते. एस-ॲक्ट-मॅनेजर या खाती सांभाळणाऱ्या आज्ञेला ‘डम्प’ म्हटलं की तशी फाईल मिळते, आणि कोणती फांदी कधी बदलली हे त्यावरून सापडतं.

झाड उभं राहिलं म्हणून वाटप न्याय्य झालं असं नाही. एस-शेअर ही आज्ञा दिली की प्रत्येक खात्यापुढे वाटा, झालेला वापर आणि त्यातून निघणारा फेअर-शेअरचा, म्हणजे वाट्याच्या मानाने वापर किती कमी-जास्त झाला याचा, आकडा दिसतो. पण जॉबचा अग्रक्रम काढताना या आकड्याला किती वजन द्यायचं हे वेगळं लिहावं लागतं, आणि ते वजन मुळात शून्य असतं. म्हणजे पडद्यावर सगळं रीतसर दिसत राहतं आणि रांगेवर त्याचा काडीइतकाही परिणाम होत नाही. आम्ही फेअर-शेअरला सर्वांत जास्त वजन दिलं, वाट पाहिल्याच्या वेळेला त्याखालोखाल, आणि जॉबच्या आकाराला अगदी थोडं. वजनं ठरवण्यापूर्वी एस-प्रायो या आज्ञेने रांगेतल्या प्रत्येक जॉबचा अग्रक्रम घटकांत फोडून समितीला दाखवला. तो तक्ता पाहिल्यावर चर्चा ‘आमच्यावर अन्याय होतो’ यावरून ‘वाट पाहण्याला इतके गुण पुरेत का’ इथवर आली, आणि मला तेच हवं होतं.

नव्या आवृत्त्यांत फेअर-शेअर काढण्याची जी रीत मूळची असते तिला फेअर ट्री म्हणतात. तिचा एक परिणाम समजावून सांगावाच लागतो. दोन शेजारी खात्यांपैकी ज्याने आपल्या वाट्यापेक्षा कमी वापरलंय त्या खात्यातली सगळी माणसं, जास्त वापरलेल्या खात्यातल्या सगळ्या माणसांच्या वर येतात. त्यामुळे महिनाभर काहीच न चालवलेला विद्यार्थीही मागे पडू शकतो, कारण त्याच्या खात्यातल्या सोबत्याने खूप वापरलेलं असतं. पहिल्यांदा ऐकताना हे खटकतं. पण वाटा प्रकल्पाला दिलेला आहे, व्यक्तीला नाही, आणि प्रकल्पाच्या आत कुणी किती वापरायचं हे त्या गटाने आपसात बोलायचं. तसं ते बोलू लागले, हे मी गेल्या दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिलंय.

आता ज्या मुद्द्यावर माझा सगळ्यांत जास्त विचार खर्च झाला तो. वापर विसरायचा की लक्षात ठेवायचा?

फेअर-शेअरमध्ये जुना वापर हळूहळू विरत जातो. किती वेगाने, हे अर्ध-आयुष्याने ठरतं आणि ते मुळात 7 दिवसांचं असतं. एखाद्या गटाने आज 1,00,000 कोअर-तास वापरले तर आठवड्याने ते 50,000 धरले जातात, चार आठवड्यांनी 6,250. म्हणजे महिनाभर सगळं यंत्र व्यापून बसलेला गट पुढच्या महिन्यात जवळपास इतरांच्या बरोबरीने उभा राहतो. आमच्याकडे काम लाटांनी येतं: प्रबंध जमा करण्याआधी, परिषदेच्या तारखेआधी. 7 दिवस फार क्षमाशील वाटले. आम्ही 30 दिवस केले. आता तीन महिन्यांनंतरही वापराचा आठवा भाग शिल्लक राहतो. हा आकडा कुठल्या पुस्तकात मिळत नाही. वर्षभराच्या नोंदींवर 7, 14, 30 आणि 60 दिवस घालून कोण कितीदा मागे पडलं असतं हे बघितलं आणि मग ठरवलं.

पण ज्या प्रकल्पांनी आपल्या निधीतून क्लस्टरसाठी पैसे दिले होते त्यांना हे विरणं नको होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला 5,00,000 कोअर-तास मिळायचेत, ते वर्षात कधीही वापरू, आणि संपले की संपले. स्लर्ममध्ये खात्यावर एकूण वापराची मर्यादा घालता येते. ती मिनिटांत लिहितात, म्हणून 5 लाख तासांची 3 कोटी मिनिटं. ती घातली की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. अर्ध-आयुष्य चालू असेल तर या मर्यादेसाठी मोजला जाणारा वापरही त्याच वेगाने विरत जातो. ज्याला आपण वर्षाचा साठा समजतो तो मागून भरत राहतो आणि मर्यादा सहसा गाठलीच जात नाही. उलट अर्ध-आयुष्य शून्य करावं तर बाकीच्यांसाठी फेअर-शेअरचा अर्थच जातो.

कालव्याच्या पाण्याची पाळी आणि स्वतःच्या टाकीतलं पाणी यांत जो फरक, तोच इथे आहे. दोन्ही एकाच मोजणीवर चालवता येत नाहीत. उपाय स्लर्ममध्येच आहे, फक्त तो खात्यावर नाही, क्यूओएसवर आहे. क्यूओएस म्हणजे जॉबच्या सेवेचा दर्जा, त्याला स्वतःच्या मर्यादा असतात, आणि त्याच्यावर ‘नो-डिके’ हा झेंडा लावला की त्याचा वापर विरत नाही. पैसे देणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला आम्ही स्वतंत्र क्यूओएस दिलं, त्यावर नो-डिके लावलं, 3 कोटी मिनिटांसारखी मर्यादा तिथे घातली आणि त्या खात्याचं मूळ क्यूओएस तेच ठेवलं. बाकी सगळे फेअर-शेअरवर. अशा बांधील तासांची बेरीज एकूण 56 लाखांच्या 60 टक्क्यांपुढे, म्हणजे साधारण 34 लाखांपुढे जाऊ द्यायची नाही, हा नियम समितीकडून लेखी घेतला. ज्या विद्यार्थ्यामागे निधी नाही त्यालाही यंत्रावर जागा उरली पाहिजे, यावर मी अडून बसले होते आणि आजही बसेन.

याच सुमारास पीएचडीची एक विद्यार्थिनी रावपुऱ्यातल्या तिच्या खोलीवरून रात्री फोन करून म्हणाली, “ताई, खात्यात 5,000 तास शिल्लक दिसतायत आणि जॉब दोन दिवस हलत नाहीये. कारण म्हणून क्यूओएस-ग्रुप-बिलिंग-मिनिट्स असं काहीतरी येतंय.” आवाजावरून रडकुंडीला आल्याचं कळत होतं. तिने 40 कोअर मागितले होते आणि वेळेची मर्यादा 7 दिवस लिहिली होती. 40 गुणिले 168 म्हणजे 6,720 तास. ‘सेफ’ सक्ती असेल तर जॉबने मागितलेला पूर्ण वेळ शिल्लक तासांत मावला तरच तो सुरू होतो, मध्येच तास संपून जॉब मरू नये म्हणून. तिचं गणित खरं तर एका दिवसात आटपणारं होतं. सात दिवस तिने लिहिले होते कारण तिच्याआधीच्या विद्यार्थ्याने तसेच लिहिले होते. मी सांगितलं, “जॉब काढू नकोस, रांगेतला नंबर जाईल. वेळ कमी करायचा अधिकार तुलाही आहे, वाढवायचा फक्त आमच्याकडे. एस-कंट्रोलने 24 तास कर.” तिने केले. 960 तास सहज मावले आणि जॉब त्याच रात्री चालू झाला.

त्या फोननंतर मी सगळ्या गटांना त्यांच्याच जुन्या जॉबचा तक्ता पाठवला: मागितलेला वेळ आणि खरोखर लागलेला वेळ शेजारी शेजारी. वेळ खरा लिहिल्याने आणखी एक गोष्ट साधते. मोठ्या जॉबसाठी नोड (क्लस्टरमधले एकेक संगणक) मोकळे होण्याची वाट बघताना मधल्या फटींत स्लर्म छोटे जॉब बसवून घेतं, त्याला बॅकफिल म्हणतात. ज्याने सात दिवस लिहिलेत तो कुठल्याच फटीत मावत नाही. नवरात्रात इथे याची गंमत बघण्यासारखी असते. संध्याकाळ झाली की सगळी मुलं गरब्याला जातात, त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास रांग एकदम फुगते. ज्यांनी आठ तास लिहिलेत त्यांचे जॉब गरबा संपून ती परत येईपर्यंत बरेचदा झालेले असतात.

मेमरीचा हिशेबही लवकर करावा लागला. मूळच्या पद्धतीत खात्यावर फक्त कोअर मोजले जातात. आमच्या एका नोडमध्ये 40 कोअर आणि 192 जीबी मेमरी. जीनोम जुळवणारा एक जॉब 1 कोअर आणि 180 जीबी घ्यायचा. नोंद पडायची 1 कोअरची, पण उरलेले 39 कोअर कुणाला वापरता येत नसत, कारण मेमरीच उरलेली नसे. स्लर्ममध्ये प्रत्येक साधनाला बिलाचं वजन देता येतं. आम्ही दर जीबीला साधारण 0.208 दिलं, म्हणजे पूर्ण 192 जीबीचे 40 होतात, पूर्ण नोडइतके. आणि सगळ्यांची बेरीज न करता त्यांतलं जे सर्वांत मोठं तेच धरायचं, ही सोयही चालू केली. त्या 180 जीबीच्या जॉबला आता 37 च्या वर बिल लागतं. जीवशास्त्राच्या मॅडम आधी नाराज झाल्या. मग त्यांच्या एका विद्यार्थ्याने त्याच जॉबला प्रत्यक्षात किती मेमरी लागली हे नोंदीत पाहिलं, तर ती 60 जीबीच्या आत होती. मागणी कमी केली आणि तीनपट जॉब त्याच तासांत बसले. वजन लावण्याने दंड होतो असं नाही, माणूस आपली खरी गरज मोजायला लागतो, असं मला वाटतं.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा वीज गेली आणि यंत्र बंद ठेवावं लागलं. एक दिवस बंद म्हणजे 15,360 कोअर-तास गेले. फेअर-शेअरवाल्यांचं त्यात आपसात काही बिघडलं नाही, कारण बंद काळात सगळ्यांचा वापर सारख्याच प्रमाणात विरतो आणि क्रम जागच्या जागी राहतो. बांधील तासांच्या प्रकल्पांचे तास खात्यावर शिल्लक होते, पण ते वापरायला वर्षात दिवस कमी उरले. त्यांची मुदत आम्ही तेवढ्या दिवसांनी वाढवली. ज्यांना मोठे जॉब चालवायचे होते आणि थांबणं शक्य नव्हतं, त्यांच्या प्रमुखांना राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखालच्या यंत्रांवर वेळ मिळवण्यासाठी अर्ज करायला सुचवलं. गांधीनगरच्या आयआयटीत 2022 मध्ये सुरू झालेलं 838 टेराफ्लॉपचं परम अनंत त्यांतलंच.

सध्या रोजच्या कामात माझा हात कमी लागतो. प्रत्येक विभागात एकाला खात्याचा समन्वयक केलंय. स्लर्ममध्ये तशी भूमिका आहेच. आपल्या खात्यात माणसं घालणं-काढणं, त्यांच्या मर्यादा बदलणं हे समन्वयक स्वतः करतो. विद्यार्थी संस्था सोडतो तेव्हा आधी त्याचे चालू जॉब संपू द्यायचे, ते खातं त्याचं मूळ खातं असेल तर आधी ते बदलायचं, मग काढायचं. या क्रमाने नाही गेलं तर स्लर्मच नकार देतं. झालेल्या जॉबच्या नोंदी डेटाबेसमध्ये राहतात, त्यामुळे तीन वर्षांनी निधीचा हिशेब मागितला तरी एस-रिपोर्टमधून काढता येतो.

जीपीयूचं वजन अजून ठरायचंय. शेवटच्या दोन नोडमध्ये चार-चार जीपीयू आहेत. एकाला 10 वजन दिलं तर चारांचे 40 होतात आणि तो नोड इतर नोडइतकाच महाग ठरतो. खरेदीची किंमत बघता हे फार कमी आहे असं स्थापत्यवाल्यांचं म्हणणं. मशीन लर्निंगच्या गटाचं म्हणणं, वजन 25 केलंत तर आमची खाती जूनमध्येच रिकामी होतील. सुरुवातीला जीपीयूची नोंद ठेवायची ओळ कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे जुना वापर कुठेच सापडत नाही. ती ओळ लिहिल्यापासूनच्या नोंदी काढून, 10, 15 आणि 25 या तिन्ही वजनांनी प्रत्येक खात्यावर किती बिल आलं असतं याचा तक्ता मी करते आहे. मार्चच्या बैठकीत तो सगळ्यांपुढे ठेवायचा आणि एप्रिलपासूनची खाती त्याप्रमाणे उघडायची.